तीर्थन नदीत ट्राउट आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘तीर्थनमध्ये मासे उरलेच नाहीत’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र गेल्या पंधरवड्यात आपण छापलं होतं. हिमाचलच्या सहलीत त्यांनी रीतसर परवाना काढला, भाड्याने रॉड घेतला, अख्खा दिवस नदीकाठी घालवला आणि एकही ट्राउट लागली नाही. म्हणून मत्स्यविभागाने नदीत दरवर्षी भरपूर पिल्लं सोडावीत आणि पर्यटकाला मासा हमखास मिळेल अशी व्यवस्था करावी, अशी त्यांची मागणी आहे. त्यांचा हिरमोड मला समजतो. लांबचा प्रवास, बरोबर मुलं, सगळी तयारी, आणि हाती काहीच नाही. पण नदी रिकामी आहे हा निष्कर्ष बरोबर नाही, आणि मागणी तर त्या नदीच्या मुळावर येणारी आहे. गुशैणीच्या वरच्या अंगाला त्याच नदीवर मी काही वर्षं फ्लाय फिशिंग शिकतो आहे, म्हणून हे पत्र.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता. नोकरीचा मोठा काळ कृष्णा खोऱ्यातल्या सरितामापन केंद्रांवर गेला. पट्टीवरची पातळी नोंदवायची, करंट मीटर पाण्यात सोडून वेग मोजायचा, पावसाळ्यात रात्री-अपरात्री तेच. मुलगी आणि जावई चंदीगडला असतात. जावयांना या छंदाची फार आवड, त्यांनीच मला पहिल्यांदा तिकडे नेलं. चंदीगडहून कुल्लूच्या रस्त्याला औटपाशी वळायचं, लारजी, बंजार करत गुशैणी.

ज्यांना फ्लाय फिशिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे गळ म्हटला की शिसं, गांडूळ किंवा कणकेची गोळी आणि वर तरंगणारं बूच. इथे आमिष जवळजवळ बिनवजनाचं असतं. हुकावर पीस, केस, दोरा आणि तांब्याची बारीक तार गुंडाळून केलेला किडा. तो लांब फेकायला लागणारं वजन दोरीतच असतं. जाड, गुळगुळीत दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग रॉड पुढे आणायचा. तीर्थनच्या काठाला पाठीमागे झाडं असतात नाहीतर थेट कडा, त्यामुळे मागे दोरी टाकायला पुष्कळदा जागाच नसते. मग पाण्यावरची दोरी तशीच वळवून पुढे लोटायची, त्याला रोल कास्ट म्हणतात. हा हात मैदानात बसवता येतो. मी तो कराडला कृष्णेच्या वाळवंटात बसवला. नदी मात्र त्या नदीवर जाऊनच शिकावी लागते, आणि अनोळखी टप्प्यावर प्रत्येक वेळी पहिल्यापासून.

आमच्याबरोबर येणारे वाटाडे तिथल्याच एका गावचे. परवान्याचे कागद तपासले की ते म्हणतात, “बाबूजी, पहले पानी देखो.” रॉड पिशवीतून काढू देत नाहीत. टप्प्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत काठाने, पाण्यापासून चार हात लांबून चालायचं. खालून वर चालायचं, कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते. आपण तिच्या पाठीमागून येतो. तीर्थनचं पाणी वसंतात इतकं स्वच्छ असतं की मिठाच्या खड्यांसारखे पांढरे गोटे तळाशी मोजता येतात. त्या पाण्यात मासा आपल्याला दिसण्याच्या कितीतरी आधी आपण माशाला दिसलेले असतो. उभ्याने पाण्याच्या कडेला गेलं, सावली पडली, दगडावर बूट आपटला की तो टप्पा निदान तासाभरासाठी संपला असं समजावं.

पाणी बघायचं म्हणजे काय, हे मला माझ्या नोकरीमुळे लवकर उमगलं. प्रवाहाचा वेग वरपासून तळापर्यंत सारखा नसतो. पृष्ठभागाजवळ तो जास्त, तळाशी दगडांच्या घर्षणाने बराच कमी. म्हणूनच सरासरी वेग हवा असेल तर करंट मीटर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ अंतरावर धरतात, आणि पाण्यावर तरंगणारी काठी सोडून वेग काढला तर आलेल्या आकड्याला साधारण ०.८५ ने गुणतात. ट्राउट हे गणित जन्मतःच जाणते. ती तळाशी, दगडाच्या आडोशाला, संथ पाण्यात उभी राहते आणि वरून, बाजूने जाणाऱ्या जलद धारेतून वाहत येणारे किडे टिपते. कमी श्रमात जास्त खाणं, एवढाच तिचा हिशेब.

त्यामुळे मोठा, निळा, सुंदर दिसणारा डोह ही नवख्या माणसाला सर्वांत आकर्षक वाटणारी जागा असली तरी खाणारी ट्राउट बहुतेक वेळा तिथे नसते. ती डोहाच्या तोंडाशी असते, जिथे खळखळणारं पाणी पहिल्यांदा खोल होतं. डोह संपून पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं तिथे असते. मोठ्या धोंड्याच्या मागे जसा आडोसा असतो तसाच पुढेही असतो. धोंड्यावर आदळणारं पाणी दुभंगतं आणि त्याच्या अलीकडे हातभर संथ जागा तयार होते. चांगली मासळी पुष्कळदा तिथे उभी असते आणि आपण मात्र मागेच बघत बसतो. आणि फेसाची रेघ. जलद आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागून वाहतं तिथे फेसाची एक वेडीवाकडी रेघ दिसते. फेस जिथून जातो तिथूनच किडे जातात. आमचे वाटाडे बोटाने नुसती ती रेघ दाखवतात, बाकी काही बोलत नाहीत.

गुशैणीला तीर्थनला फलाचन येऊन मिळते. आम्ही कराडची माणसं, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते बघत वाढलेली, त्यामुळे संगमावर माझी नजर आपोआप दोन पाण्यांच्या रंगाकडे जाते. ज्या अंगाला रात्री पाऊस झालेला असतो ती नदी गढूळ येते आणि संगमाच्या खाली बरंच अंतर दोन पाणी वेगवेगळी वाहतात. अशा वेळी स्वच्छ बाजूने मासेमारी करावी किंवा सरळ स्वच्छ नदीच्या वरच्या अंगाला निघून जावं. गढूळ पाण्याच्या बाजूला उभं राहून ‘मासे नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही.

मग दगड उलटायचे. ही गोष्ट मला इतकी आवडते की रॉड न काढता केवळ एवढ्यासाठीही मी काठावर बसलो असतो. गुडघाभर पाण्यातला ओंजळीएवढा गोटा उचलून त्याची खालची बाजू बघायची. चपट्या अंगाचे, दगडाला चिकटून सरपटणारे किडे दिसतात. शेपटीला तीन धागे आणि पोटाच्या दोन्ही कडांना सतत हलणारे कल्ले असले तर ते मेफ्लायचं पिल्लू. शेपटीला दोनच धागे आणि चाल जरा सावकाश असेल तर स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी दिसली तर आत कॅडिसची अळी असते. ती नळी नखाने हलकेच टोचली तर काळं डोकं बाहेर येऊन परत आत जातं. प्रत्येक दगडाखाली काय आणि किती आहे ते बघून आमिष ठरवायचं. बहुतेक दिवशी तळाजवळून वाहणाऱ्या पिल्लाचं, म्हणजे निम्फचं, सोंग घेतलेलं आमिष कामाला येतं. संध्याकाळी पंख फुटलेले किडे पाण्यावर उडू लागले तरच तरंगणारं. दगड पुन्हा होता तसाच, त्याच जागी ठेवायचा. खाली नांदतं घर असतं. इतके किडे असलेलं पाणी मेलेलं नसतं, हे त्या पत्रलेखकांनी एकदा दगड उलटून स्वतः बघावं अशी माझी विनंती आहे.

दुसरी माझी सवय पातळीची. पोचल्याबरोबर काठावरच्या एका दगडावर पाण्याच्या रेघेशी खडूने खूण करतो. एप्रिल-मे महिन्यांत वर बर्फ वितळत असतं. सकाळी पाणी उतरलेलं आणि काचेसारखं नितळ, आणि दुपार टळली की वरचं वितळलेलं पाणी खाली पोचतं, खूण बुडते, रंग दुधाळ होतो. खूण बुडू लागली की मी पलीकडच्या काठावर राहत नाही. सकाळी घोट्याएवढ्या वाटणाऱ्या जागेतून संध्याकाळी परत येता येईलच याची खात्री नसते, आणि ते गोटे शेवाळाने निसरडे असतात. काठी हातात असावी. नव्या माणसाने एकट्याने पाण्यात उतरूच नये. सहलीच्या गाड्या सकाळी नाश्ता करून, फोटो काढून अकरा-बाराला नदीवर पोचतात. ऊन डोक्यावर, काठावर माणसांची वर्दळ, आणि थोड्या वेळात पाणी चढायला लागतं. आपल्या पत्रलेखकांनी दिलेलं वर्णन हेच आहे: पुलाजवळचा डोह आणि दुपार. त्या जागी त्या वेळी तिथले जाणकारही रॉड काढत नाहीत.

बरोबर साधा थर्मामीटरही ठेवतो. मार्चच्या सुरुवातीला पाणी पाच-सहा अंशांवर असलं तर ट्राउट जागची हलत नाही, आमिष अगदी तोंडासमोरून गेलं तरच घेते. बारा-तेरा अंशांवर ती मोकळेपणाने खाते. वीसच्या वर गेलं तर तिचे हाल होतात, तेव्हा तिला सतावू नये.

आणि मग कुठे रॉड. आधी सांगितलेलं वेगाचं गणित इथे हातात उतरावं लागतं. दोरी वरच्या जलद पाण्यावर पडलेली, आमिष खालच्या संथ पाण्यात. दोरी पुढे धावते आणि आमिषाला ओढते. ओढला जाणारा किडा ट्राउट घेत नाही, कारण खरा किडा प्रवाहाच्या वेगापेक्षा जलद कधी जात नाही. म्हणून दोरी पडल्याबरोबर मनगटाने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचा. धोंड्यांच्या भागात तर लांब फेकायचंच नाही. गुडघ्यावर बसून दोन-तीन रॉडच्या अंतरावर जायचं, रॉड उंच धरून बहुतेक दोरी पाण्याबाहेरच ठेवायची आणि आमिष एकटंच वाहू द्यायचं. मासा लागल्याचा झटका बसेल अशी वाट बघितली तर मासा कधीच लागत नाही. दोरीचं टोक वाहता वाहता एक निमिष थबकतं, एवढंच. तळाच्या दगडाला अडकल्यावरही ते असंच थबकतं. दोन्हींतला फरक बोटांना कळायला मला बराच काळ लागला, आणि ज्या सकाळी तो कळला त्या सकाळचा आनंद अजून ताजा आहे. धोंड्याच्या पुढच्या संथ जागेतून निम्फ आली, टोक थांबलं, मी रॉड उचलला आणि पलीकडे पिवळसर अंगावर काळे-तांबडे ठिपके चमकले. पोटाकडे लोण्याचा रंग. तांबड्या ठिपक्यांभोवती फिकट कडं. वितभरापेक्षा थोडी मोठी असेल. हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता हूक सोडवला. हुकाला उलटा काटा नसला की तो सहज निघतो. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडलेला मासाही नंतर मरू शकतो. तोंड प्रवाहाकडे करून धरली, कल्ले नीट चालू लागले तशी ती स्वतःहून गेली.

२०२३ च्या जुलैत कुल्लू जिल्ह्यात महापूर आला, हे सर्वांना आठवत असेल. असा पूर आला की डोंगरी नदीचं पात्र बदलतं. वाटाड्यांच्या माहितीतले जुने डोह गोट्यांनी भरले, काही नवे झाले. जन्मभर तिथे राहिलेल्या माणसालाही तो टप्पा पुन्हा पायी फिरून समजून घ्यावा लागला. मग एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला तो कळला नाही यात नवल नाही, पण म्हणून दोष नदीला देऊ नये.

आता पिल्लं सोडण्याच्या मागणीविषयी. ब्राउन ट्राउट मुळात हिमालयातली नाही. इंग्रजांनी आणली. १९०० साली काश्मीरमध्ये मिचेल यांच्या प्रयत्नांतून ती रुजली आणि १९०९ च्या सुमारास हॉवेल यांनी ती कुल्लूत आणली. ती आता त्या नद्यांमध्ये स्वतःहून वाढते आहे आणि तिच्यावर तिथल्या कित्येक घरांची चूल चालते, म्हणून मी तिच्या विरोधात नाही. पण त्याच पाण्यात मूळची स्नो ट्राउट आहे, तिला असलाही म्हणतात. तिची संख्या हिमालयभर घटते आहे आणि बाहेरून आलेली ब्राउन ट्राउट हे त्याचं एक कारण मानलं जातं. पर्यटकाच्या हाताला हमखास मासा लागावा म्हणून नदीत आणखी पिल्लं ओतली तर त्याची किंमत असला देईल. शिवाय हौदात गोळ्या खाऊन वाढलेला मासा नदीतल्या माशासारखा वागत नाही. ज्यांना हमखास मासा हवा त्यांच्यासाठी खोऱ्यात ट्राउटची तळी आहेत. तिथे खुशाल जावं, मुलांना मजा येईल.

या बाबतीत आपला महाराष्ट्र एका मोठ्या धड्यात गुंतलेला आहे. आपल्याकडचा महसीर, खडस, याची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून केली. पुढे लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पिल्लं तयार करण्याचं फार मोलाचं काम झालं, आणि ती पिल्लं देशभरातल्या नद्यांमध्ये सोडली गेली. हेतू उत्तमच होता. कावेरीत मात्र आधीपासून स्वतःचा, कुबड असलेला, प्रचंड वाढणारा महसीर होता. सोडलेला आपला महसीर तिथे फोफावला आणि मूळचा हटत गेला. गळवाल्यांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींतूनच हे संशोधकांच्या लक्षात आलं. २०१८ मध्ये कावेरीच्या त्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नदीत मासे सोडणं म्हणजे पुण्यच, ही आपली समजूत आता तपासून घ्यायची वेळ आली आहे. माझ्या खात्यात असताना धरणांच्या जलाशयांत बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडण्याचे समारंभ मी पाहिलेले आहेत. आधी तिथे काय राहतं हे विचारलेलं मला आठवत नाही.

तीर्थनला खरी गरज आहे ती वाहतं पाणी आणि विश्रांती मिळण्याची. वाहत्या पाण्यासाठी बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातल्या लोकांनी लढा दिला आणि नदीवरचे जलविद्युत प्रकल्प थोपवले. खाली लारजीला बियासवर १२६ मेगावॉटच्या प्रकल्पाची भिंत आहे. तीर्थन तिथे पोचेपर्यंत मोकळी वाहते. मी उभी हयात पाणी अडवणाऱ्या खात्यात काढली, धरणांची गरज मला ठाऊक आहे, आणि तरीही ही एक नदी मोकळी राहिली याचा मला मनापासून आनंद वाटतो. नदीचा उगमाकडचा भाग ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये येतो. १९९९ साली ते अधिसूचित झालं आणि २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

विश्रांतीचं म्हणाल तर हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीला बंदी असते. या काळात ट्राउट उथळ पाण्यात, स्वच्छ वाळू-खड्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते. त्या थंड पाण्यात अंडी फुटायला दोन-तीन महिने लागतात आणि त्यानंतरही पिल्लं काही आठवडे खड्यांच्या फटींतच असतात. म्हणून मार्चमध्ये जाणाऱ्यांनीही फिकट, नुकत्याच धुतल्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांच्या पट्ट्यावर पाय देऊ नये, वळसा घालून जावं.

आणि इथे माझी आपल्याला एक विनंती आहे. आपल्या पर्यटनाच्या पानावर नाताळच्या सुट्टीतल्या हिमाचल सहलींची माहिती येते. गेल्या हिवाळ्यात त्यांतल्या दोन मजकुरांत ‘तीर्थनमध्ये ट्राउट पकडण्याचा अनुभव’ असं छापलेलं मी वाचलं. डिसेंबरात नदीत गळ टाकणं हा तिथे गुन्हा आहे आणि तेच दिवस अंड्यांचे आहेत. असा मजकूर आला तर कृपया ती ओळ काढावी, किंवा निदान बंदीच्या तारखा त्याखाली छापाव्यात. मार्च ते जून, आणि पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर, हे जाण्याचे दिवस. परवाना मत्स्यविभागाकडून घ्यावा, त्यावरच्या अटी वाचाव्यात, आणि पहिल्या दिवसाची मजुरी देऊन गावातला माणूस बरोबर घ्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता, कराड